संकेतांक म्हणजे निदान नव्हे

हल्लीच्या मोटारीत दोषाचा दिवा पेटला, की कारागीर एक लहानसे उपकरण जोडतो, त्यावरील संकेतांक वाचतो आणि ‘अमुक नियंत्रक गेला, नवा घाला’ असे सांगून मोकळा होतो. नियंत्रक महाग असतो आणि पैसे जातात संसारातले. यास निदान म्हणणे मला मान्य नाही.

इंजिन, ब्रेक, सुकाणू इत्यादींचे नियंत्रक परस्परांशी बोलतात ते एकत्र पिळलेल्या दोन तारांवरून. ‘कॅन’ नावाची ही व्यवस्था जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. तीत निरोप सर्वांनाच ऐकू जातो. ज्याला हवा तो घेतो. तेव्हा ‘ब्रेकच्या नियंत्रकाशी संपर्क नाही’ याचा अर्थ इतकाच, की इतरांना त्याचा आवाज आला नाही. तो मुका झाला, त्याला वीज मिळाली नाही, की वाटेत तार तुटली, हे संकेतांक सांगत नाही. पूर्वी बोटीवरच्या मुलाचे पत्र येईनासे झाले, की शहाणी आई आधी पोस्टमनकडे चौकशी करीत असे!

विद्यार्थिमित्रहो, पुढचे गणित तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलेच आहे. तारांच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. समांतर जोडणीने ते ६० भरतात. बॅटरी सोडवून, थोडे थांबून, चालकाच्या गुडघ्यांजवळील जोडणीच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये साध्या मीटरने मोजावे. १२० आले, तर एका टोकाची वाट तुटली किंवा तेथील रोध निकामी झाला. शून्याजवळ आले, तर तारा एकमेकींना चिकटल्या. काही गाड्यांत मुख्य तारा मध्यस्थ नियंत्रकापलीकडे असतात. तेथे नकाशा पाहूनच मोजावे लागते.

६० आले तरी निर्धास्त होऊ नये. तार गाडीच्या सांगाड्याला टेकली असली, तरीही तोच आकडा येतो. म्हणून बॅटरी जोडून, गाडीची चावी फिरवून दाबही पाहावा. तारा बोलत असताना एकीवर अडीच व्होल्टच्या किंचित वर, दुसरीवर किंचित खाली दिसावे.

एवढ्याला फार तर अर्धा तास लागतो. नियंत्रक बदलण्यापूर्वी मोजलेले आकडे मागण्याचा गिऱ्हाइकास पूर्ण अधिकार आहे आणि कारागिरानेही ते आपण होऊन दाखवावेत. आमच्या गोव्याच्या पावसाळ्यात जोडण्यांवर हिरवट थर चढतो, निवाऱ्याला आलेले उंदीर तारा कुरतडतात. त्याच कुरतडलेल्या तारेला नवा नियंत्रक जोडला, तर दिवा पुन्हा पेटणारच.