'येस सर' म्हटलं की हजर झालो का?

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी फक्त एक पेपर होता. त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. हाच लेख इंग्रजी विभागात दिला असता तर सोपं गेलं असतं, पण मग निम्म्या हॉस्टेलने पान उलटलं असतं. आणि विषय तर हॉस्टेलच्या जिव्हाळ्याचा आहे. कॉलेजच्या प्रत्येक तासाला बसलंच पाहिजे का?

हा प्रश्न मेसमध्ये काढून बघा, लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "७५ टक्के कशाला? पीएलमध्ये पंधरा दिवस घासलं की पेपर निघतो!" दुसरी पार्टी स्टाफरूममध्ये बसते. ती म्हणते, "मोकळं सोडलं तर ही पोरं बारा वाजेपर्यंत उठणार नाहीत." गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. म्हणूनच हे भांडण दरवर्षी डिफॉल्टर लिस्ट लागली की सुरू होतं आणि सबमिशन आलं की विसरलं जातं.

आधी जरा हिशोब करू, इंजिनिअर आहोत ना आपण! एका विषयाचे सेमिस्टरमध्ये ४० तास धरले तर ७५ टक्के म्हणजे ३०. हातात उरले १०. पुण्या-मुंबईच्या पोरांना हे १० तास पिक्चरला पुरत असतील. आपल्याकडे काय होतं? दसरा झाला की कापूस फुटतो. वेचायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. घरून फोन येतो, "आठ दिवस ये." झरी-जामणी, उमरखेड, मारेगावकडची पोरं ही गोष्ट मास्तरांना सांगतही नाहीत, कारण अर्जात कारण काय लिहायचं? 'आजारी' लिहिलं तर सर्टिफिकेट लागतं आणि 'वेचणी' लिहिलं तर बाकीचे हसतात. वर एसटीचा भरवसा नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत जो संप चालला, त्यात खेड्यातून ये-जा करणाऱ्यांचे किती तास बुडाले असतील, विचार करा. नियमाला कापूस कळत नाही आणि एसटीही कळत नाही. त्याला फक्त टक्के कळतात.

मग लिस्ट लागते, आणि वडिलांना सहीसाठी बोलवा असं सांगतात. ज्याचे वडील रोजमजुरी करतात, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तिकिटाचे पैसे जातात, आणि केबिनबाहेर तासभर उभं राहावं लागतं. शिष्यवृत्तीला हजेरीची अट असते ती वेगळीच. वीस वर्षांच्या मुलाला मत देता येतं, पण तासाला का आला नाही हे सांगायला बाप लागतो!

बरं, जे ७५ टक्के भरतात ते वर्गात काय करतात? कोणत्याही कॉलेजात कोणत्याही दुपारी डोकावून बघा. पुढचे दोन बाक लिहितात. मधले बाक दुसऱ्या विषयाचं जर्नल उतरवतात. मागचे बाक मोबाइलमध्ये. एका रोल नंबरला दोन दिशांनी 'येस सर' येतं आणि सगळा वर्ग हसतो. प्रॉक्सी थांबावी म्हणून काही ठिकाणी अंगठ्याचं मशीन बसवलंय. त्याने एवढंच सिद्ध होतं की अंगठा हजर होता. डोकं कुठे होतं ते अजून कोणत्याही मशीनला सांगता आलेलं नाही.

मुलींचं तर वेगळंच. मला माहीत असलेल्या एका हॉस्टेलात सकाळी अकराला राउंड होतो आणि रूममध्ये कोणी सापडली की चौकशी सुरू. त्यामुळे मुलींची हजेरी ९० टक्क्यांच्या वर. आणि मग भाषणात सांगतात की मुली किती सिन्सिअर असतात बघा! अहो, त्यांना बसायला दुसरी जागाच नाही. लायब्ररीत बसावं तर तिथेही विचारतात, "तास नाही का?"

आता थोडं मागे जाऊ. लेक्चर या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ वाचणं. छपाई नव्हती, पुस्तकं हाताने लिहिलेली आणि महाग, तेव्हा युरोपात गुरुजी पुस्तक मोठ्याने वाचत आणि मुलं उतरवून घेत. त्या काळी तासाला न जाणं म्हणजे पुस्तक न मिळणं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा विद्यापीठाने घ्यायची. 'टर्म भरली' हा आजी-आजोबांच्या तोंडचा शब्द तिथलाच. पण ज्या लंडनचा कित्ता आपण गिरवला, त्या लंडनने १८५८ मध्येच कॉलेजात न बसणाऱ्यांनाही परीक्षेला बसू दिलं! आपल्याकडे त्याला बराच काळ लागला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि नोकरी करणारे, शेती करणारे, घर सांभाळणाऱ्या बाया पदवीधर झाल्या.

आज तर पुस्तक खिशात आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे तास फुकट बघता येतात. २०१७ पासून स्वयम् आहे. २०२१ मध्ये यूजीसीने तर एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेस स्वयम् वर करायची मुभा विद्यापीठांना दिली. म्हणजे एक विषय खाटेवर बसून केला तर चालतो, आणि दुसऱ्या विषयाचे ३० ऐवजी २९ तास भरले तर परीक्षेचा फॉर्म अडतो. हे गणित मला कोणी सोडवून द्यावं.

इथपर्यंत वाचून पहिली पार्टी टाळ्या वाजवत असेल. जरा थांबा.

अमेरिकेत २०१० मध्ये हजेरी आणि मार्क यांच्यावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की तासाला बसणं आणि चांगले मार्क यांचा संबंध पक्का आहे, कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतल्या मार्कांपेक्षाही जास्त. तेव्हा "तासाला जाऊन काही होत नाही" हे कॅन्टीनमधलं ब्रह्मवाक्य साफ खोटं आहे. पण त्याच आढाव्यात हेही होतं की हजेरी सक्तीची केल्याने होणारा फायदा मात्र लहानसा असतो. आपल्या मनाने गेलेला शिकतो, ढकललेला फारसा शिकत नाही.

आणि तास कसा आहे यावरही बरंच अवलंबून आहे. २०१४ मध्ये सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. जिथे मास्तर एकटेच बोलत होते तिथे सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती. जिथे मुलांना प्रश्न विचारून, गटात सोडवायला लावून कामाला लावलं होतं तिथे २१.८ टक्के.

यासाठी अमेरिकेलाच जायला पाहिजे असं नाही. आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे ते गाडगेबाबा काय करायचे? दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तन म्हणजे समोरच्यांना प्रश्नावर प्रश्न. लोकांनी उत्तर द्यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. हजारो माणसं रात्र रात्र बसायची. त्यात कोणाचा रोल नंबर पुकारला होता? बाबांच्या नावाची पदवी घेणार आपण, आणि त्यांची शिकवायची रीत मात्र फोटोखालच्या हारापुरती!

आता मला जे खरं सांगायचंय ते. माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, बारावीपर्यंत मराठीत विचार करणारी. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे टेक्स्टबुकचं इंग्रजी मला अडत नाही. चार तास बुडाले तरी पुस्तक उघडून मी गाठू शकते. तिचं तसं नाही. त्या जाडजूड पुस्तकाचं एक पान तिला अर्धा तास घेतं. पण सर जेव्हा फळ्याकडे पाठ करून म्हणतात, "व्होल्टेज म्हणजे असं समजा, टाकी जितकी उंच तितकं नळाला पाणी जोरात", तेव्हा तिला पाच मिनिटांत सगळं कळतं. आपल्याकडच्या तासात सर नुसतं शिकवत नाहीत, ते इंग्रजी पुस्तकाचं मराठी करून देतात. प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला एआयसीटीईने २०२१ पासून परवानगी दिली खरी, पण बहुतेकांच्या हातातलं पुस्तक अजून इंग्रजीच आहे. तिच्यासाठी तास हीच खरी शिकवणी. बाहेरची लावायला पैसे कुठे आहेत?

आणि तिला तो तास मिळतो का? साठ जणांची हजेरी घेण्यात सहा-सात मिनिटं जातात. मागच्यांना गप्प करण्यात आणखी पाच. दिवसाला पाच तास धरले तर एक अख्खा तास यातच गेला! ती दुसऱ्या बाकावर कान टवकारून बसते आणि मागे चाळीस जण केवळ टक्क्यांसाठी बसून गोंधळ करतात. सक्तीचा त्रास बंक मारणाऱ्याला होतो असं आपण समजतो. तो तर प्रॉक्सी लावून मोकळा होतो. खरी झळ बसते ती, जिला तासाची सगळ्यात जास्त गरज आहे, तिला.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्येकाने प्रत्येक तासाला बसायची गरज नाही. पण ज्याला बसायचंय त्याला तो तास पुरा मिळायलाच हवा.

आता कोणी म्हणेल, मोकळीक दिली की नेमके कच्चेच आधी पळतील. शंका बरोबर आहे. त्यावर कॅलिफोर्नियातल्या काही प्राध्यापकांनी केलेला प्रयोग मला आवडला. मिड-टर्म परीक्षेत वर्गाच्या मधल्या मार्कांपेक्षा ज्यांना कमी पडले, त्यांनाच हजेरी सक्तीची. बाकीच्यांना मोकळीक. ज्यांना बसवलं त्यांच्या फायनलच्या मार्कांत चांगला फरक पडला. हे २०१० मध्ये छापून आलंय. सक्ती हवीच असेल तर ती अशी, औषधासारखी. ज्याला ताप आहे त्याला गोळी. अख्ख्या हॉस्टेलला गोळ्या वाटायचं कारण नाही.

आपल्याकडे काय करता येईल? पहिलं वर्ष सगळ्यांना सक्तीचं ठेवा, कारण तेव्हा आपल्याला पोहता येतं का नाही हेच माहीत नसतं. प्रॅक्टिकल आणि वर्कशॉप चारही वर्षं सक्तीचं. लेथ मशीन यूट्यूबवर चालवता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून थिअरीला क्लास टेस्टवर सोडा. पास झालात, तुमचं तुम्ही बघा. नापास झालात, या आणि बसा. वेचणीच्या दिवसांत घरी जाणाऱ्यांसाठी अर्जावर तसा सरळ रकाना द्या आणि परत आल्यावर चार जादा तास घ्या. आणि टक्के कमी भरले म्हणून परीक्षेलाच बसू द्यायचं नाही, हे बंद करा. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने लॉ कॉलेजांच्या बाबतीत हेच सांगितलं. हजेरी कमी म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नका. २०१६ मध्ये एका विद्यार्थ्याने जीव दिल्यावर उभं राहिलेलं ते प्रकरण होतं. टक्क्यांची किंमत एवढी असू नये.

सर आणि मॅडमना एकच विनंती. आम्हाला माहीत आहे, तुमचा अंगठाही त्याच मशीनवर लागतो आणि फायलीत आमची हजेरी नसली तर जाब तुम्हाला विचारतात. काही जण तर तासिका तत्त्वावर आहेत, वर्षभराचीही खात्री नाही. तरी एकदा करून बघा. एक महिना रोल नंबर न पुकारता नुसती डोकी मोजा. साठातले पंचवीस आले तर ते पंचवीस तुमचे हक्काचे श्रोते. आणि न आलेल्या पस्तिसांना ओरडण्याआधी विचारा, का नाही आलात? काही आळशी निघतील, काही शेतात असतील, आणि काही जण असं काही सांगतील की ज्याने तुमचा पुढचा तास बदलेल.

मित्रांनो, तुम्हालाही एक सांगते. मोकळीक मागायची तर मोकळ्या वेळेचा हिशोबही द्यावा लागेल. तास सोडून लायब्ररीत बसणारा आणि तास सोडून कॅन्टीनमध्ये चहाचे कप मोजणारा, दोघांच्या तोंडी 'स्वातंत्र्य' हाच शब्द असतो, पण क्लास टेस्टच्या दिवशी फरक कळतो.

बघा पटतंय का. नसेल पटत तर पुढच्या अंकात उत्तर लिहा, मी नक्की वाचीन. फक्त तास चालू असताना मागच्या बाकावर बसून लिहू नका. दुसऱ्या बाकावर कोणीतरी ऐकतंय!