एकात बसून नंबर वन?

परवा आमची अख्खी गँग खोपोलीला इमॅजिकात जाऊन आली. ‘नायट्रो’मधून उतरले तेव्हा पाय लटपटत होते, केसांचं घरटं झालं होतं. घरी पोचल्या पोचल्या न्यू जर्सीच्या मावसभावाला फोन लावला. ‘दादा, जगातलं बेस्ट रोलर कोस्टर आपल्याकडे आहे!’

‘वा! आतापर्यंत कितींमध्ये बसलीस?’

‘एका.’

‘मग तुझ्या यादीतलं सगळ्यात वाईटही तेच की!’

जाम राग आला, पण मुद्दा बरोबर होता. अमेरिकेत हाच वाद कोस्टरवेडे लोक वर्षानुवर्षं घालतायत. तिथे दरवर्षी नंबर वन कोस्टरसाठी पोल होतात. नुसती डोकी मोजली तर काय होईल? मोठ्या शहराजवळचं, टीव्हीवर जाहिराती करणारं पार्क आरामात जिंकेल. कारण तिथे गर्दीच जास्त!

मिच हॉकर नावाच्या गृहस्थांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या पोलमध्ये यावर मस्त तोड काढली होती. तुम्ही बसलेल्या सगळ्या कोस्टर्सना क्रम द्यायचा. मग एकेक जोडी घेऊन तुलना व्हायची आणि त्यात फक्त दोन्हींमध्ये बसलेल्यांचंच मत धरलं जायचं. समजा, ‘अ’मध्ये हजार जण बसलेत, ‘ब’मध्ये शंभरच. दोन्हींत बसलेले ऐंशी. त्यातले साठ ‘ब’ भारी म्हणाले, तर सामना ‘ब’ने मारला! उरलेल्या नऊशेवीस जणांचं प्रेम खरं असेल हो, पण त्यांनी ‘ब’ बघितलंय कुठे?

‘अम्युझमेंट टुडे’ची गोल्डन तिकीट अॅवॉर्ड्स १९९८पासून आहेत. तिथेही मतं घेतात ती भरपूर पार्क्स पालथी घातलेल्या अनुभवी लोकांची. म्हणूनच ‘फिनिक्स’सारखी गंमत घडते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत १९४७ साली उभं राहिलेलं हे लाकडी कोस्टर तिथून हलवून पेन्सिल्व्हेनियातल्या कनोबेल्स पार्कात आणलं आणि १९८५मध्ये पुन्हा सुरू केलं. उंची जेमतेम ७८ फूट. ओहायोतल्या सीडर पॉइंटचं ‘मिलेनियम फोर्स’ ३१० फूट, म्हणजे त्याच्यापुढे हे पिल्लूच! तरी २०१८ आणि २०१९मध्ये लाकडी कोस्टर्समध्ये फिनिक्स पहिलं आलं. टेकाडावरून जाताना सीटवरून उचलले जाण्याची मजा काय असते, हे शंभर ठिकाणी बसलेल्यालाच बरोबर कळतं.

मग नवख्यांनी गप्प बसायचं का? अजिबात नाही! मुरलेल्या माणसांच्याही सवयी असतात. पोटात पडणारा पहिला गोळा ते कधीच विसरलेले असतात. आणि पार्क चालतं कोणाच्या तिकिटावर? माझ्यासारख्या ‘एकाच’वाल्यांच्याच ना! म्हणून माझं म्हणणं एवढंच, दोन याद्या करा. ‘लोकांना काय आवडलं’ यात सगळ्यांचं मत घ्या. ‘कुठलं सरस’ यात मात्र दोन्हींत बसलेल्यांचंच. घोळ होतो तो पहिल्या यादीला दुसरीचं नाव दिल्यावर.

आपण तरी वेगळं काय करतो? कोल्हापूरला न जाता पुण्याची मिसळ बेस्ट ठरवतोच की!

दादाला परत फोन केला. माझं मत मी मागे घेतलेलं नाही. फक्त म्हटलं, ‘तू खोपोलीला ये, मी कनोबेल्सला येते. मग भांडू!’