भाऊंची शाळा आणि झाकलेली मतं

‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व 6 ऑक्टोबर 2024 रोजी संपलं. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला आणि पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चा विजेता अभिजीत सावंत दुसरा आला. तोवर 70 दिवस घरोघरी वाद रंगला होता तो सूत्रसंचालक रितेश ‘भाऊ’ देशमुखांवरून. दर आठवड्याच्या ‘भाऊच्या धक्क्या’वर त्यांनी कुणाला झापलं, कुणाला नुसतं समजावलं आणि कुणाकडे काणाडोळा केला, याचा हिशोब प्रेक्षक आठवडाभर मांडत होते.

सहस्पर्धक वर्षा उसगांवकरांशी उद्धट वागणाऱ्या निक्की तांबोळीची शाळा घेतली, तेव्हा भाऊंचं कौतुक झालं. पुढे स्पर्धक आर्या जाधवने निक्कीच्या कानाखाली मारली आणि तिला घराबाहेर काढण्यात आलं, तेव्हा प्रेक्षकांत उभी फूट पडली. हात उगारणं नियमात बसत नाही, हे बहुतेकांना मान्य होतं. पण चिथावणाऱ्याला बोलणी आणि मारणाऱ्याला थेट दरवाजा, हा न्याय अनेकांच्या पचनी पडला नाही.

हिंदी ‘बिग बॉस’मध्येही हेच. 2020 मध्ये तेराव्या पर्वात सिद्धार्थ शुक्ला जिंकला आणि प्रतिस्पर्धी आसिम रियाझच्या चाहत्यांनी सूत्रसंचालक सलमान खानवर पक्षपाताचा ठपका ठेवला. सिद्धार्थ ‘बालिका वधू’मुळे कलर्स वाहिनीचाच ओळखीचा चेहरा होता, त्यामुळे संशयाला आयतं खतपाणी मिळालं.

यात प्रेक्षकही काही तटस्थ नसतात. आपल्या लाडक्याला ओरडा बसला की ‘सगळं स्क्रिप्टेड आहे’ आणि दुसऱ्याला बसला की ‘बरं झालं, जिरवली’. तरीही त्यांची तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. फक्त तिचं मूळ माणसात कमी आणि कार्यक्रमाच्या रचनेत जास्त आहे.

‘बिग बॉस’चं मूळ असलेला ‘बिग ब्रदर’ 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला, तो बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेल्या घराच्या कल्पनेवर. ब्रिटनमध्ये सूत्रसंचालिका डेव्हिना मॅकॉल घरातल्यांना ऐकवायच्या तो मुख्यतः कोण बाहेर पडतंय याचा निकाल. स्पर्धकाची खरी मुलाखत व्हायची तो बाहेर आल्यावर. आपल्याकडे मात्र खेळ ऐन रंगात असताना सूत्रसंचालक दर आठवड्याला दरबार भरवतो. आधी महेश मांजरेकर भरवायचे, मग रितेश. बाहेर कुणाचं वागणं आवडतंय आणि कुणाचं खटकतंय, हे घरातल्यांना त्या बोलण्यातून नेमकं कळतं. सोमवारपासून माणसं तसं वागू लागतात. म्हणजे सूत्रसंचालकाने कितीही प्रामाणिकपणे तोंड उघडलं, तरी खेळाचं पारडं हलतंच.

शिवाय चोवीस तासांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग निघतो. भांडण कुठून दाखवायचं, हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. ज्याला झापलं जातं त्याच्या वाट्याला पडद्यावरची मिनिटंही भरपूर येतात. आठवड्यामागून आठवडे ऐकून घेणारी निक्की अखेर तिसरी आली. शांतपणे खेळणाऱ्याला तेवढा वेळ कोण देणार?

सूत्रसंचालक बदलून यातलं काहीच सुटणार नाही. सध्या झाकलेले मतांचे आकडे उघड केले, तर निदान निकालावरचा संशय कमी होईल. ब्रिटनमध्ये ‘एक्स फॅक्टर’ या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली की प्रत्येक आठवड्याची टक्केवारी जाहीर व्हायची. तिथेही धुतल्या तांदळासारखं कुणी नव्हतं: फोनवरच्या स्पर्धा आणि मतदानातले घोळ उघडकीला आल्यावर ऑफकॉम या नियामक संस्थेने 2008 मध्ये आयटीव्ही वाहिनीला तब्बल 56 लाख 75 हजार पौंडांचा दंड ठोठावला होता.

आपल्याकडे आता मतदान ॲपवर होतं, म्हणजे मोजणीचे कष्टही नाहीत. चालू खेळात आकडे फोडले तर चुरस संपेल, ही वाहिनीची अडचण रास्त आहे. मग अंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या आठवड्यांची मतं जाहीर करावीत, आणि धक्क्यावर कुणाला जाब विचारण्याआधी त्या प्रसंगाचं सलग चित्रण प्रेक्षकांना दाखवावं.