आई झालेल्या खेळाडूचा हक्क

जुन्नर-आंबेगाव : अमेरिकी धावपटू ॲलिसन फेलिक्स नोव्हेंबर २०१८ मध्ये आई झाली. करार नूतनीकरणात नायकी कंपनीने ७० टक्के कमी मानधन देऊ केल्याचे तिने मे २०१९ मध्ये जाहीरपणे लिहिले. ऑगस्टमध्ये कंपनीने गर्भवती खेळाडूंच्या मानधनाला १८ महिन्यांचे संरक्षण दिले. तान्ह्या मुलीला सांभाळत दिलेला हा लढा आपल्या तालुक्यांनाही दूरचा नाही. प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना राज्यात शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. नोकरीतील मातेला पगारी प्रसूती रजाही मिळते. मात्र नोकरीआधीच आई होणाऱ्या कबड्डीपटूला या रजेचा आधार नाही. बाळंतपणानंतर तिचे मैदान सुटले, तर ते तिच्या इच्छेने सुटले असे म्हणता येणार नाही. समान बक्षिसाइतकाच हाही न्यायाचा प्रश्न आहे.