दोर आमचा, सर्टिफिकेट कुणाचं?

गोदी सोडून रोप ॲक्सेसच्या कामाला जायचं डोक्यात घेतलंय, तर आपल्यातलेच पांढरपेशे नाक मुरडतात. म्हणे, मॅट्रिक झालास, कविता लिहितोस आणि काचेच्या टॉवरवर माकडागत लोंबकळणार?

साल्यांनो, दोर आम्हाला नवा आहे काय? मांगाच्या घरातला मी. कासरा, दावं, नाडा, चऱ्हाट, सगळं आमच्या आज्या-पणज्यानं वळलं. केकताड कुजवून, वाख काढून, तळहात सोलून. त्याच नाड्यानं गावाची मोट चालली आणि त्याच विहिरीवर आम्हाला बंदी. मोबदला? खळ्यावरचं बलुतं.

आता दोर नायलॉनचा झाला, तर त्याचं शास्त्र झालं. आयराटाची पहिली पायरी म्हणजे चार दिवस शिक्षण, मग परीक्षा. दुसऱ्या पायरीला किमान एक वर्ष आणि दोरावरचे १००० तास. पण मला भावला तो त्यांचा मूळ नियम : माणूस दोन दोरांवर. एक कामाचा, एक जिवाचा. दोन्ही वेगवेगळे बांधलेले.

आणि गटारात उतरणारा आपला भाऊ? कमरेला एक सुतळी, तीही नशिबात असली तर. कायदा २०१३ चा. कोर्टानं २०१४ ला मेलेल्याचे १० लाख ठरवले, २०२३ ला ३० लाख केले. मढ्याचा भाव वाढला, दुसरा दोर काही आला नाही.

मी जाणार. फी माझ्या पगारात बसत नाही, टोळीत वर्गणी काढू. शिकून आलो की पहिला मुकादमालाच धरणार : हॅचमध्ये उतरणाऱ्याचा दुसरा दोर कुठाय?