अनुक्रमणिकेतील ठिपके

कोणत्याही पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून पाहा. डावीकडे प्रकरणाचे नाव, उजवीकडे पृष्ठांक आणि त्या दोहोंना जोडणारी ठिपक्यांची ओळ. या ठिपक्यांना मुद्रणाच्या परिभाषेत ‘लीडर’ म्हणतात. वाचणाऱ्याच्या नजरेला बोट धरून नावापासून आकड्यापर्यंत नेणे, एवढेच त्यांचे काम. शाळेचा वार्षिकांक किंवा विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल आता संगणकावर तयार होतो, आणि त्यातही हे ठिपके असतात. पण ते तेथे आले कसे, याची चौकशी केली तर पुष्कळदा असे आढळते, की विद्यार्थ्याने पूर्णविरामाची कळ दाबून धरली, आकडा कडेला पोचेपर्यंत ठिपके कमीजास्त केले, आणि शिक्षकांनी छापील प्रत पाहून ‘छान’ असा शेरा दिला. ही पद्धत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा प्रश्न केवळ टापटिपीचा असता, तर विज्ञानाच्या मासिकात त्यासाठी जागा अडवली नसती.

मुळात ही सवय टंकलेखन यंत्राकडून आली. त्या यंत्रावर प्रत्येक कळीमागे कॅरेज सारखेच अंतर सरके. ‘पायका’ जातीच्या इंग्रजी यंत्रावर एका इंचात बरोबर १० अक्षरे बसत, मग ते आय असो की डब्ल्यू. अशा यंत्रावर ठिपके मोजून ओळ भरणे हा प्रामाणिक हिशेब होता. खिळ्यांच्या छापखान्यात तर ठिपक्यांचे वेगळे खिळेच ओतलेले असत. जुळारी उरलेली जागा त्या खिळ्यांनी भरी आणि राहिलेली फट बारीक कोऱ्या तुकड्यांनी बुजवी.

संगणकावरील टंक तसे नाहीत. त्यांत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. देवनागरीत ‘र’ आणि ‘क्ष’ शेजारी शेजारी लिहून पाहा, म्हणजे पुरे. इंग्रजी ‘टाइम्स’ टंकात कोरी जागा आणि पूर्णविराम यांची रुंदी टंकाच्या आकाराच्या चतुर्थांश असते. म्हणजे १२ पॉइंटच्या टंकात ३ पॉइंट. डी.टी.पी.मध्ये ७२ पॉइंटांचा एक इंच धरतात, तेव्हा ३ पॉइंट म्हणजे सुमारे १ मिलिमीटर झाला. प्रयोगशाळेत आपण मोजपट्टीचे लघुतम माप काढतो, तेच येथे लावा. ठिपक्यांनी जागा भरणाऱ्याच्या हातात १ मिलिमीटर लघुतम मापाची पट्टी आहे. आकडा कडेच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे राहणारच. खाली-वर लिहिलेल्या आकड्यांत एवढा फरक डोळ्यांना सहज जाणवतो. मग विद्यार्थी आणखी एक ठिपका घालतो, एक काढतो, आणि कधीच न जुळणारी गोष्ट जुळवत बसतो.

खरी फजिती पुढेच आहे. समजा, ओळ १२ सेंटिमीटरांची आहे आणि ती ठिपक्यांनी काठोकाठ भरली आहे. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘अक्षर जरा मोठे करा.’’ १२ पॉइंटचे १४ केले. नाव, ठिपके, आकडा सारेच त्या प्रमाणात वाढले आणि १२ सेंटिमीटरांचा मजकूर १४ सेंटिमीटरांचा झाला. कागद मात्र तेवढाच! जादा दोन सेंटिमीटर खालच्या ओळीत उतरतात, आणि पृष्ठांक तेथे एकटाच जाऊन बसतो. चाळीस ओळींची सूची असेल, तर चाळीस वेळा ठिपके पुसत बसावे लागते. अंक छापखान्यात जायच्या आदल्या रात्री हे काम कोणाच्या वाट्याला येते, हे शिक्षकांना सांगायला नको.

यावरचा उपाय टंकलेखन यंत्रातच होता. त्यावर ‘टॅब्युलेटर’ नावाची कळ असे. आधी हव्या त्या ठिकाणी अडसर लावून ठेवायचा. मग कळ दाबली, की कॅरेज सुटे ते थेट त्या अडसरावर जाऊन थांबे. संगणकाच्या कळफलकावरील ‘टॅब’ ही तिचीच वंशज. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्की’ संकेतमालेत या टॅबला ९ हा क्रमांक मिळाला आणि तो आजही तोच आहे. या संकेतात किती पुढे जायचे, हे लिहिलेले नसते. ‘पुढच्या थांब्यापर्यंत जा’ एवढाच आदेश असतो. थांबा कोठे, हे परिच्छेदाच्या रचनेत ठरवायचे. एस.टी.चा चालक चाकाचे फेरे मोजून गाडी थांबवीत नाही. थांबा आला की थांबवतो.

हा थांबा अनेक प्रकारचा असतो. अनुक्रमणिकेसाठी उजवा टॅब घ्यावा. त्यावर मजकुराची उजवी कड टेकते, त्यामुळे ७, ४२ आणि ११८ यांचे एकक एकाखाली एक येतात. थांबा १२ सेंटिमीटरांवर ठेवा, लीडर म्हणून ठिपका निवडा, नावानंतर एकदाच टॅब दाबा आणि आकडा लिहा. आता वरचेच गणित पुन्हा करू. नाव ४.२ सेंटिमीटर आणि आकडा ०.६ सेंटिमीटर असेल, तर ठिपक्यांना ७.२ सेंटिमीटर मिळतात. टंक १४ पॉइंटचा केला, की नाव ४.९, आकडा ०.७ आणि ठिपके आपोआप ६.४. आकडा जागचा हलत नाही. १९८५ मध्ये आलेल्या पेजमेकरपासून आजच्या इनडिझाइन, स्क्राइबस, वर्ड आणि लिबर ऑफिसपर्यंत ही सोय सर्वत्र आहे.

डोनाल्ड नूथ या गणितज्ञ-संगणकशास्त्रज्ञाने १९७८ च्या सुमारास ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचली. तिच्यात या ठिपक्यांचा विचार इतका बारकाईने केला आहे, की एका ओळीतील ठिपका वरच्या ओळीतील ठिपक्याच्या नेमका खाली यावा, याचीही तरतूद आहे. स्वतःच्या ग्रंथाची छपाई मनासारखी होईना, म्हणून त्याने ही प्रणाली लिहायला घेतली!

काही शिक्षक म्हणतील, छापल्यावर सारखेच दिसते, मग एवढा खटाटोप कशाला? एकपानी सूचना असेल, ती एकदाच छापायची असेल, तर माझी हरकत नाही. परंतु आज पुष्कळ मजकूर कागदावर येतच नाही. तो पडद्यावर वाचला जातो, आणि अंध विद्यार्थी तो वाचक-प्रणालीकडून ऐकतात. हाताने टाकलेले ठिपके ही मजकुरातील खरीखुरी अक्षरे असतात. प्रणालीची मांडणी जशी असेल तशी ती कधी ते ठिपके उच्चारते, कधी त्यांची संख्या सांगते, आणि ऐकणाऱ्याला पृष्ठांकासाठी ताटकळावे लागते. टॅबचे ठिपके केवळ काढलेले असतात. मजकुरात त्यांच्या जागी एकच संकेत असतो. ज्याला ठिपके दिसत नाहीत, त्याच्या वाटेत ते आडवे येऊ नयेत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

गुण देताना शिक्षकांनी छापील प्रतीबरोबर मूळ फाइलही उघडावी आणि विद्यार्थ्यासमोर टंकाचा आकार दोन पॉइंटांनी वाढवावा. अर्ध्या मिनिटात निकाल कळतो. प्रयोगवहीत नुसते उत्तर बरोबर आले म्हणून आपण पूर्ण गुण देत नाही. कृतीही पाहतोच ना?

उलट टोकाचा अतिरेकही बरा नव्हे. सोय सापडली, की तीन इंच रुंदीच्या चौकटीतही मुले ठिपक्यांच्या रांगा ओढतात. अंतर थोडे असेल तेथे नजरेला वाटाड्या लागत नाही. पदार्थांच्या घनतेचा तक्ता घ्या: पाणी १.००, ॲल्युमिनियम २.७०, पारा १३.६, सोने १९.३. येथे ठिपक्यांची गरजच नाही. गरज आहे ती दशांश टॅबची, ज्यावर प्रत्येक संख्येचे दशांशचिन्ह एकाखाली एक येते. बेरीज मांडताना एककाखाली एकक लिहायला आपण प्राथमिक शाळेतच शिकलो. मात्र प्रणाली कोणते चिन्ह दशांशचिन्ह मानते, हे तिच्या भाषेच्या मांडणीवर अवलंबून असते, म्हणून तक्ता भरण्याआधी एकच संख्या लिहून ती थांब्यावर नीट बसते का, ते पाहून घ्यावे.