एक दिवस, एकच गाव

आधीच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण त्याच्यावरचं सगळं भांडण मराठीतच झालं होतं!

गेल्या मे महिन्यात आम्ही घरचे चौघं भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर गेलो होतो. हे कळल्यापासून हॉस्टेलवर मला 'महाराणी' ही पदवी मिळाली आहे. म्हणून थोडा खुलासा. बाबा महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि आईला आयुष्यात एकदा मोठ्या जहाजात बसायचं होतं. निवृत्तीच्या पैशातले काही त्यात गेले. केबिन सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची. समुद्र बघायचा तर जिने चढून वर जायचं!

भांडण झालं ते नेपल्सवरून. जहाज सकाळी बंदराला लागणार आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सगळ्यांनी परत यायचं. आईला सोरेंटो बघायचं होतं, दादाला व्हेसुव्हियसचा ज्वालामुखी, मला काप्री बेट (फोटोंसाठी, खोटं कशाला बोलू!) आणि बाबांना पॉम्पेई. "एवढे पैसे मोजलेत तर सगळंच बघू," असं म्हणत दादाने आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर टाइमटेबल मांडलं. त्यात पॉम्पेईच्या वाट्याला पाऊण तास आला.

आम्हाला वाढणारा वेटर मडगावचा होता. तो कागदाकडे बघून हसला. "आपले आपण फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही हां," तो म्हणाला. "मी नेपल्सला कितीदा आलो, पण पॉम्पेई अजून बघितलं नाही. दोन तास सुट्टी मिळते. त्यात घरी फोन करू की फिरू?"

यावर बाबा हळूच म्हणाले, "तुम्ही तिघं फिरा. मी एकटा पॉम्पेईला जाऊन येतो." बाबा कधी हट्ट करत नाहीत. आईने कागद उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. विषय संपला.

नेपल्सहून लोकल गाडीने पॉम्पेई पाऊणएक तासावर आहे. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर. इथे 1748 पासून खोदकाम चालू आहे, तरी सुमारे एक तृतीयांश भाग अजून जमिनीखालीच आहे. पावणेतीनशे वर्षांत खोदणाऱ्यांचंच बघून झालं नाही, आणि आमचं टाइमटेबल पाऊण तासाचं!

बाबा देवळं, रंगवलेल्या भिंती वगैरे बघून पुढे जात होते. एका चौकात मात्र थांबले ते थांबलेच. समोर विटांचा एक उंच खांब. मला वाटलं, पडक्या घराची भिंत असेल. बाबा म्हणाले, "अगं, ही ब्रेक प्रेशर टँक आहे!" आणि मग ते सुरू झाले.

शहराच्या सगळ्यात उंच दरवाजाशी पाण्याचं मुख्य वाटपघर. तिथून शहर तीसेक मीटर उतरत जातं. म्हणजे खालच्या टोकाला तीन किलो प्रेशर, शिशाचे पाइप फुटायचे! म्हणून मध्ये मध्ये सुमारे सहा मीटर उंचीचे खांब, त्यावर शिशाची टाकी. पाणी टाकीत चढायचं, प्रेशर तिथेच तुटायचं आणि पुढच्या नळांना सहा मीटरचंच हेड मिळायचं. खांबाच्या बाजूला पाइपची खाच अजून दिसते. बाबांनी त्या खाचेकडे बोट दाखवत विचारलं, "फ्लुइड मेकॅनिक्सला किती मिळाले होते गं तुला?" मी विषय बदलला.

मग गुडघा दुखत असूनही ते चढ चढून वाटपघरापर्यंत गेले. येताना रस्त्यावरचे हौद दाखवले. पाणी भरताना टेकलेल्या हातांनी त्यांच्या कडा झिजल्यात.

आता जरा अवघड वाक्य लिहिते. शाळेत माझ्या मैत्रिणींचे वडील बँकेत, एअरलाइन्समध्ये होते. माझ्या बाबांना रात्री दोनला फोन यायचे, "साहेब, पाणी आलं नाही." मी 'गव्हर्नमेंट सर्व्हिस' एवढंच सांगायचे. ते नेमकं काय करतात, हे मी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. पाऊण तासाच्या टाइमटेबलमध्येही विचारलं नसतं.

म्हणून माझं मत असं आहे की, किनाऱ्यावर एकच दिवस असेल तर घरच्यांनी एकच गाव निवडावं, आणि घरातला जो कधीच काही मागत नाही त्याला ते निवडू द्यावं. पैसे वसूल कसे होणार, असं दादा अजून विचारतो. काप्री राहिलं याचं मलाही वाईट वाटतंच. पण चार ठिकाणी धावलो असतो, तर चार ठिकाणचे पार्किंग लॉट पाठ झाले असते.

आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटलाही एका दिवसात तीन-तीन कंपन्या उरकल्या जातात. सर, पुढच्या वर्षी एकच करून बघूया का?

त्या संध्याकाळी पाच वाजता आम्ही जहाजावर होतो. जेवताना मडगावच्या वेटरने विचारलं, "काय बघितलं?" बाबांनी पेपर नॅपकिनवर त्याला टाकी काढून दाखवली. पाइपसकट. त्याने तो नॅपकिन घडी करून खिशात ठेवला.

— टी. ई. सिव्हिल